मायना आला, मागणी राहिली : व्यावहारिक मराठीच्या अध्यापनाविषयी

भूम तालुक्यातील ईट हे माझे गाव. अतिवृष्टीनंतर तेथील एका शेतकऱ्याने पंचनाम्यासाठी केलेला अर्ज कचेरीतून परत आला, तो त्याने मला दाखवला. दीड पानाचा अर्ज. मायना निर्दोष, विषय आणि संदर्भ जागच्या जागी. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ होते, ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ही होते. गट नंबर मात्र नव्हता. क्षेत्र किती, पीक कोणते, पाणी कोणत्या तारखेला शिरले, यातले काहीच नव्हते. अर्ज लिहून देणारा मुलगा मराठीचा एम. ए., व्यावहारिक मराठीच्या पेपरला माझाच विद्यार्थी. त्या पेपरात त्याला चांगले गुण होते आणि ते मीच दिले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गुणांची फेरतपासणी आहे.

आपल्या विद्यापीठांत हा विषय व्यावहारिक किंवा उपयोजित मराठी या नावाने शिकवला जातो. कार्यालयीन पत्र, अहवाल, इतिवृत्त, जाहिरात हे त्याचे नेहमीचे घटक. ते आम्ही शिकवतो मात्र स्वरूप, प्रकार, वैशिष्ट्ये या क्रमाने. हा क्रम साहित्यप्रकार शिकवण्याचा आहे. कादंबरीची वैशिष्ट्ये सांगणाऱ्याने कादंबरी लिहावी, अशी कोणाची अपेक्षा नसते. अहवालाचे तसे नाही. तरीही ‘अहवाललेखनाची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचे उत्तर लिहून, एकही अहवाल न लिहिता, विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शकतो.

परंपरेत हा विषय इतका पोरका नव्हता. हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे ‘मेस्तक’ कारकुनाला पत्रलेखनाची शिस्त घालून देते. रघुनाथ पंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’तील दहा वर्गांपैकी एक ‘लेखनवर्ग’च आहे. मेस्तकाच्या परंपरेत मायना ठरे तो पत्र वाचणाऱ्याच्या दर्जावरून. म्हणजे लिहिणाऱ्यापुढे वाचक उभा असे. आम्ही मायना ठेवला आणि वाचक गमावला.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. 1948 पर्यंत येथे निजामाची राजवट होती आणि कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने शास्त्रीय विषयही उर्दूतून शिकवले, त्यासाठी परिभाषा घडवली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, पण मराठी कुणब्याला कागद दुसऱ्याच्या हातूनच लिहून घ्यावा लागे. पुढे 6 जुलै 1960 रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, शासनव्यवहाराचे कोश झाले. शब्द मिळाले. परंतु अर्ज म्हणजे विनवणी, ही समजूत गेली नाही, असे माझे अनुमान आहे. विनवणीत गट नंबर लागत नाही, मागणीत लागतो.

हे कारकुनी काम विद्यापीठाने का शिकवावे, असा आक्षेप सहकारी घेतात. मला तो पटत नाही. समोरच्या माणसाला निर्णय घेण्यासाठी कोणती माहिती हवी, ती कोणत्या क्रमाने हवी आणि काय गाळावे, हे ठरवणे बौद्धिक काम आहे. कवितेचे समीक्षण करणाऱ्यालाही अशीच निवड करावी लागते.

आता मी वर्गात व्याख्येने सुरुवात करत नाही. प्रत्येकाने गावातला एक खरा कागद आणायचा, नावे झाकून. तो कोण वाचणार, वाचून त्याने काय करायचे, हे आधी दोन ओळींत लिहायचे. मग कागद नव्याने लिहायचा. शेवटी तो वर्गाबाहेरच्या माणसाला वाचायला द्यायचा. काय मागितले आहे हे त्याला सांगता आले नाही, तर गुण नाहीत. यात वेळ फार जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरे आहे.

ईटचा तो अर्ज त्याच विद्यार्थ्याने माझ्यासमोर बसून पुन्हा लिहिला. अकरा ओळी झाल्या. ‘विनंती’ हा शब्द एकदाच आला. पंचनाम्याची मुदत मात्र तोवर टळून गेली होती.