कुर्डीचा इतिहास कोणी लिहावा?

सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव १९८० नंतरच्या दशकात साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती, वाटा व झाडांचे खुंट उघडे पडतात, मे महिन्यात लोक सोमेश्वराच्या उत्सवास जमतात, आणि त्याच सुमारास कुर्डीवरील लेखांनाही बहर येतो.

या लेखांचा साचा आता ठरून गेला आहे. प्रथम विस्मय, मग गहिवर, शेवटी मोगूबाई. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली येथे जन्मल्या व त्यांच्यामुळे गावाचे नाव देशभर झाले, याबद्दल वाद नाही. परंतु गायिकेचे चरित्र म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशा मिश्र वस्तीत जमीन कोणाची होती, कसत कोण होते, कुळागरास पाणी कोणत्या पाळीने मिळे, याविषयी हे लेख मुके असतात.

थोडा अधिक अभ्यास केलेले लेखक गावकारीकडे वळतात व १५२६ च्या फोराचा आधार देतात. हा आधार येथे लंगडा आहे. तो फोर तिसवाडीच्या बेटांचा. सांगे नव्या काबिजादीत मोडते व अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. एका महालाचा दस्तऐवज दुसऱ्या महालास लावणे कोर्टात चालणार नाही. इतिहासात तरी का चालावे?

महादेवाचे कदंबकालीन देऊळ एकेक दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले, जांभ्यातील मातृदेवता वेर्ण्यास नेण्यात आली. हे काम स्तुत्यच होय. पण शेतांच्या नावांची अशी काळजी घेतलेली या लेखनात कोठे दिसत नाही.

भूसंपादनाचे निवाडे हे साधन आमच्या लेखकांस सुचत नाही, याचे मला (वकिली पेशामुळे असेल) नवल वाटते. १८९४ च्या कायद्यान्वये निवाड्यात जमिनीचे क्षेत्र, मोबदला व त्याची वाटणी नमूद करावी लागे. उभे पीक व झाडे यांच्या नुकसानीचाही विचार होई. कवडीमोलाने का होईना, गावाची ती शेवटची मोजदाद. तीत उणीव एकच, पण मोठी: ज्याच्यापाशी कागद नव्हता तो तीत अंधुकच दिसणार. त्याच्यासाठी वाडे व वालकिणी येथील पुनर्वसित वृद्धांकडेच गेले पाहिजे, आणि ते जे कोंकणीत सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घेतले पाहिजे. मोरड, वायंगण, पोरसूं यांना पुस्तकी मराठी पर्याय शोधीत बसू नये. ही पिढी आता फार थोडी उरली आहे.