छत्रपतींची मुद्रा आणि ढालीची उसनी कल्पना

छत्रपतींच्या मुद्रेस सातारचें 'राजचिन्ह' म्हणावें, आणि युरोपांतील नगरांच्या ढालींवरील सिंह-मनोर्‍यांचे लावतात तसे तिचे अर्थ लावावे, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. ढाल हें चित्र आहे, मुद्रा हें वाक्य आहे. ढाल दुरून ओळखावयाची असते. मुद्रा हातीं पत्र घेऊन वाचावयाची. पत्राच्या अखेरीस निराळी मर्यादामुद्रा उमटे, ती मजकूर तेथें संपला हें दाखविण्यासाठीं. हें काम ढालीचें नव्हे.

शहाजीराजांची मुद्रा फार्सी होती. शिवछत्रपतींची अष्टकोनी मुद्रा संस्कृत आहे. रांझ्याच्या पाटलासंबंधीं इ. स. १६४६ च्या पत्रावर ती उमटलेली आहे. तींत उपमान प्रतिपदेची चंद्रलेखा. संभाजीराजांच्या पिंपळपानाच्या आकाराच्या मुद्रेंत 'द्यौः' म्हणजे आकाश. शाहूमहाराजांच्या मुद्रेंत विष्णूची वामनमूर्ति. लेखा, द्यौः, मूर्ति हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, कारण उपमेय जी मुद्रा ती स्त्रीलिंगी. उपमेत लिंगभेद हा आलंकारिकांनीं दोषांत गणला आहे. 'द्यौः' च्या जागीं 'गगन' घातलें असतें तर तो लागता. रचणारे पंडित शब्द तोलून घालीत होते, तेव्हां वाचणार्‍यानेंही ते तोलून घ्यावेत.

शाहूमहाराजांनीं आजोबांचा 'वर्धिष्णु' शब्द राखिला, उपमान मात्र पालटलें. चंद्र कलेकलेनें वाढतो. वामन वाढतो तो विक्रमानें, आणि विक्रम म्हणजे पाऊलही व पराक्रमही. शिवाय चंद्रास कृष्णपक्ष आहे (पहिल्या मुद्रेच्या कवीनें तो अर्थातच उच्चारिला नाहीं), वामनास तो नाहीं. १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेंत राहून १७०८ त सातार्‍यास अभिषेक करविणार्‍या राजास हें उपमान फार शोभतें. कवीच्या मनांत हेंच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण चंद्रकोरीच्या चित्रांतच गुंतून राहणार्‍यास हा पालट दिसणारच नाहीं.

सांगलीची गोष्ट निराळी. १८०१ त चिंतामणराव आप्पासाहेबांनीं मिरजेहून वेगळें होऊन तेथें राजधानी केली. पटवर्धनांचें आराध्यदैवत गणपति. तेथें मूर्तीसच खूण मानणें योग्य. संस्थान १९४८ त विलीन झालें तरी ती खूण पुसली नाहीं.

१८७७ च्या दिल्ली दरबारांत संस्थानिकांस ढालीचीं चित्रें काढलेलीं निशाणें दिलीं गेलीं. सातारचें राज्य १८४८ तच खालसा झालें होतें. तेव्हां सातारकर छत्रपतींस त्या दरबाराची ढाल मिळालीच नाहीं, आणि ती आतां कल्पनेनें रचून देण्याचें कारण नाहीं. ज्यांस मुद्रा छापावयाची असेल त्यांनीं तिच्याखालीं पदच्छेद व अन्वय छापावा.