गुणवत्तांक आणि समानाधिकरण

संवाहक बहुवारिकांच्या ऊष्माविद्युत् गुणांत सुधारणा झाल्याची वृत्ते गेल्या दशकाहून अधिक काळ सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. 2011 साली स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी पेडॉट या बहुवारिकाचा गुणवत्तांक 0.25 पर्यंत नेला. 2013 साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून पेडॉट-पीएसएससाठी 0.42 हा आकडा आला. बिस्मथ टेल्युराइडच्या 1 च्या आसपासच्या आकड्याशी या संख्यांची तुलना करणे तेव्हापासून प्रघातच झाला आहे. परंतु हा आकडा नेमके काय सांगतो, याची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली आहे.

गुणवत्तांक म्हणजे सीबेक गुणांकाचा वर्ग, विद्युत् संवाहकता आणि निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार, भागिले उष्णता संवाहकता. हे सूत्र एका वाक्यासारखे आहे. व्याकरणात ज्याला समानाधिकरण म्हणतात, तो नियम येथेही लागू होतो. 'शहाणा मुलगा' या प्रयोगात शहाणपण आणि मुलगेपण एकाच व्यक्तीच्या ठायी असावे लागते. शहाणपण थोरल्याचे आणि नाव धाकट्याचे असेल, तर वाक्य शुद्ध राहते, पण खोटे ठरते. त्याचप्रमाणे सूत्रातील तिन्ही गुण एकाच नमुन्याचे, एकाच दिशेतील आणि एकाच परिस्थितीतील असले पाहिजेत.

पातळ पटलांच्या बाबतीत हा नियम सहज मोडतो. विद्युत् संवाहकता व सीबेक गुणांक पटलाच्या प्रतलात मोजले जातात. उष्णता संवाहकता मात्र जाडीच्या दिशेने मोजणे सोपे असते, किंवा बहुवारिकांसाठी रूढ असलेला 0.2 ते 0.3 हा आकडा गृहीत धरला जातो. पेडॉटच्या साखळ्या बहुधा प्रतलात पसरलेल्या असल्याने उष्णताही त्याच दिशेने अधिक वाहते. सुमारे 500 सीमेन्स प्रति सेंटिमीटर विद्युत् संवाहकता असलेल्या पेडॉट-पीएसएसवर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत उष्णता संवाहकता जाडीच्या दिशेने 0.3, तर प्रतलात 1.0 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आढळली. पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी घातला, की गुणवत्तांक तिपटीहून अधिक फुगतो. पदार्थ मात्र होता तसाच राहतो.

हा योगायोग नव्हे. विद्युत् वाहणारे वाहकच उष्णताही वाहून नेतात. वीडेमान-फ्रान्झ नियमानुसार वरील विद्युत् संवाहकतेला 300 केल्व्हिनला केवळ वाहकांचा वाटाच सुमारे 0.37 येतो. म्हणजे विद्युत् संवाहकता वाढवावी आणि उष्णता संवाहकता स्थिर मानावी, हे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने लपविण्यासारखे आहे. आर्द्रतेचेही तसेच. पीएसएस ओलावा शोषते. तापमानभेदाने आयन सरकतात व विद्युत्-दाब वाढलेला दिसतो, परंतु तो आयनिक दाब अखंड प्रवाह पुरवू शकत नाही.

काही संशोधकांनी ही दक्षता कटाक्षाने पाळली आहे. म्हणूनच तिचा अभाव क्षम्य ठरत नाही. ज्या आकड्यावर विसंबून विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा पदार्थ निवडतो, तो आकडा तीन निरनिराळ्या नमुन्यांतून जुळविलेला असेल, तर त्याची वर्षे एका व्याकरणदोषापायी खर्ची पडतात. यास्तव नव्या आकड्यापूर्वी दिशा, नमुना आणि आर्द्रता यांचा स्पष्ट निर्देश हवा. जेथे तो नाही, तेथे सुधारणा पदार्थात झाली की केवळ वाक्यात, हे ठरविता येत नाही.