ऑनलाइन अभ्यासक्रम आणि मानोऱ्याचा विद्यार्थी

मंडळी, विषय ऑनलाइन अभ्यासक्रमाचा आहे, पण सुरुवात सोयाबीनपासून करतो. आपल्या वाशिम जिल्ह्यात सोंगणी साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते. 'स्वयम'चं जुलैचं सत्र नेमकं तेव्हाच भरात असतं. आठवड्याला असाइनमेंट आणि तिची शेवटची तारीख. मानोऱ्याकडचा बी.ए.चा मुलगा त्या वेळी शेतात असतो. तारीख गेली की गुणही गेले. मग आपणच म्हणायचं, पोरांत चिकाटी नाही!

'स्वयम' 2017 साली आलं. त्याची रचना कागदावर चांगलीच आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. नुसती भाषणं टाकून मोकळं व्हायचं नाही, हे तिथं मुळातच मान्य आहे. माझी तक्रार वेगळी. सगळी मेहनत व्हिडिओवर जाते आणि चर्चेचं पान ओस पडतं. मी पाहिलं त्यात बरेचदा 'सर, सर्टिफिकेट कधी मिळेल?' एवढंच असतं. गुणांची वाटणी पाहा: साधारण 30 टक्के अंतर्गत, 70 टक्के अंतिम परीक्षेला. पोरं हिशेबी असतात हो. ज्याला गुण नाहीत तिथं प्रश्न विचारायला कोण बसणार, आणि विचारलाच तर उत्तर देणारं तिथं कोण असतं?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989चं. तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठलं? पण पुस्तकं एकट्यानं शिकणाऱ्यासाठी लिहिलेली. आधी घटकाची उद्दिष्टं, मधेमधे स्वतःला तपासायचे प्रश्न. शिवाय जवळचं अभ्यासकेंद्र, तिथं समोरासमोर विचारायची सोय. या छापील पुस्तकांत विद्यार्थ्याचा विचार आजच्या कित्येक व्हिडिओंपेक्षा जास्त दिसतो, असं माझं मत आहे.

2021च्या यूजीसी नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून घ्यायला मुभा दिली. म्हणजे हा आता जोडधंदा राहिला नाही. पदवीच त्यावर उभी राहू शकते.

तेव्हा आपल्या कॉलेजात कोर्स बांधताना कॅमेरा नंतर काढा. शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, ते आधी लिहा. व्हिडिओ दहा मिनिटांचा, सोबत मोबाइलवर उतरवून घेता येईल असा मजकूर. आठवड्यातून एक तास शिक्षकानं उत्तरांसाठी बसायचं, आणि तो तास त्याच्या कार्यभारात धरायचा; नाहीतर कुणी बसणार नाही. आणि सोंगणीतल्या असाइनमेंटसाठी दिवाळीनंतरचा एक पंधरवडा मोकळा ठेवायचा.