लांडग्याची हांक आणि सॅक्सोफोनची साथ

संगीताचा उगम मनुष्याच्या कंठांत कीं अरण्यांत, हा वाद फार जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला. त्यांत सप्तस्वरांपैकीं प्रत्येक स्वर एकेका प्राण्याच्या नांवें लावून दिलेला आहे. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. लहानपणीं आम्हीं ही यादी पाठ केली. परंतु मोर खरोखर कोणत्या स्वरांत ओरडतो हें रानांत जाऊन ऐकावें, असें ना आमच्या गुरुजींना सुचलें, ना आम्हांस. आम्हीं प्राण्यांचीं नांवें आदरानें घेतलीं. त्यांचे आवाज मात्र त्या नांवांच्या आड राहून गेले.

हा विचार पुन्हां मनांत येण्यास निमित्त झाल्या पॉल विंटर या अमेरिकन वादकाच्या ध्वनिमुद्रिका. घरांतील तरुण मंडळींनीं त्या लावल्या, तेव्हां प्रथम आमच्या कपाळास आठ्या पडल्या, हें कबूल केलें पाहिजे. ख्यालगायकीवर पोसलेल्या आमच्या कानांस जॅझ हाच आधीं परका. त्यांत लांडग्यांचें ओरडणें मिसळलेलें! हा निव्वळ चमत्कार असावा, अशा समजुतीनें आम्ही ऐकावयास बसलों. उठलों तेव्हां त्या समजुतीचा अर्धाच भाग शिल्लक होता. कोणता अर्धा गेला आणि कोणता राहिला, याचा हिशेब देणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विंटर हा सोप्रानो सॅक्सोफोनचा वादक. १९६२ मध्यें त्याच्या सहा जणांच्या मेळ्यानें व्हाइट हाउसमध्यें वादन केलें. त्या वास्तूंत झालेली ती पहिली जॅझ मैफल मानली जाते. पुढें १९६७ मध्यें त्यानें 'कॉन्सॉर्ट' हा नवा मेळा उभारला. हें नांव एलिझाबेथकालीन इंग्लंडांतील मिश्र वाद्यांच्या मेळ्यांवरून घेतलेलें असून, त्यांत चेलो आणि गिटार यांच्या शेजारीं आफ्रिका व ब्राझील येथील तालवाद्यें येऊन बसलीं. १९६८ मध्यें रॉजर पेन या प्राणिशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांत विंटरनें हंपबॅक जातीच्या देवमाशांचीं गाणीं ऐकलीं, आणि मेळ्याचें दार मनुष्येतरांसही उघडलें. १९७८ च्या 'कॉमन ग्राउंड' मध्यें लांडगा, गरुड व देवमासा आले. १९८० च्या 'कॉलिंग्ज' मध्यें समुद्रांतील सस्तन प्राणी आले. आणि १९८२ च्या 'मिसा गाया' मध्यें, म्हणजे पृथ्वीसाठीं रचलेल्या ख्रिस्ती उपासनासंगीतांत, लांडग्यानें व देवमाशानें थेट न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या भव्य चर्चमध्यें प्रवेश केला.

हा मार्ग अगदींच अनोळखी नव्हता. इटालियन संगीतकार रेस्पीगी यानें १९२४ मध्येंच 'पाइन्स ऑफ रोम' या रचनेंत वाद्यवृंदाच्या मध्यें नाइटिंगेल पक्ष्याची तबकडी लावण्याची योजना केली होती. १९७० मध्यें ॲलन होव्हानेस यानें देवमाशांच्या ध्वनिमुद्रणासाठीं वाद्यवृंदाची रचना केली. परंतु रेस्पीगीचा पक्षी हा मेजवानीच्या शेवटीं आलेल्या पाहुण्यासारखा आहे. तो येतो, गातो, निघून जातो, आणि यजमानाच्या घरची रीत तीच राहते. विंटरचा दावा याहून मोठा आहे. प्राणी हा पाहुणा नसून मेळ्यांतील वादकच होय, असें त्याच्या रचना सुचवितात. तेव्हां त्यांचें मोजमापही याच मापानें झालें पाहिजे.

आमच्या मैफलींत या कामास एक साधा शब्द आहे: साथ. उत्तम सारंगिया गवयाच्या पुढें धांवत नाहीं. गवई श्वास घेतो तेथें तो थांबतो, आणि गवयानें टाकलेला स्वर उचलून तो त्याच्याच ओंजळींत परत घालतो. अडाणी साथीदार मात्र प्रत्येक रिकामी जागा भरून काढतो. वन्य प्राण्याचा आवाज संगीतांत आणणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न हाच कीं, गवई कोण आणि साथीदार कोण?

या कसोटीस 'मिसा गाया' मधील 'किरिए' हा भाग उत्तम उतरतो. 'किरिए' ही ईश्वराजवळ दयेची याचना. तिची स्वररचना लांडग्याच्या चार स्वरांच्या हांकेवर उभारलेली आहे. आधीं लांडगा हांक देतो. ती हांक सॅक्सोफोन उचलतो. आणि मग तेच स्वर मनुष्यांच्या कंठांतून याचना होऊन बाहेर पडतात. येथें लांडगा शोभेसाठीं बांधलेला नाहीं. चीज त्याची आहे, विस्तार मनुष्याचा आहे. ज्या धर्मग्रंथांत लांडगा हा बहुधा मेंढरांचा वैरी म्हणून येतो, त्याच धर्माच्या मंदिरांत दया कशी मागावी हें लांडग्यानें शिकवावें, यांतील औचित्य केवळ सांगीतिक नाहीं. यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांतील लांडगे १९२६ पर्यंत सरकारी शिकाऱ्यांच्या हातून निःशेष झाले होते. कॅनडांतून आणून ते तेथें पुन्हां सोडण्यास १९९५ साल उजाडावें लागलें. 'किरिए' रचली गेली तेव्हां तें रान मुकेंच होतें. मारणाऱ्यानें मेलेल्याच्या स्वरांत क्षमा मागावी, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप उमटतो, आणि त्यासाठीं रचनाकारास एक शब्दही खर्चावा लागत नाहीं. आमची समजूत जी अर्धी ढांसळली, ती येथें.

आतां उरलेल्या अर्ध्याविषयीं. 'कॉलिंग्ज' मधील एका रचनेचें नांव मोठें लांब आहे: देवमासा-मातेनें सीलच्या पिल्लांसाठीं गाइलेलें अंगाईगीत, असा त्याचा भावार्थ. ऐकावयास ही रचना गोड आहे. परंतु हा गोडवाच आम्हांस खटकतो. हंपबॅकचीं दीर्घ गाणीं गातात ते नर, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. माता गात नाहीं, आणि सीलच्या पिल्लांस तर नाहींच नाहीं. मनुष्यानें आपल्या पाळण्याची दोरी समुद्रांत टाकली आणि ती देवमाशाच्या हातीं दिली, एवढाच याचा अर्थ. काव्यास इतकी मोकळीक असावी, असें कोणी म्हणेल. आम्हांसही ती मान्य आहे; मात्र ज्यानें 'मी त्याचें ऐकतों' अशी प्रतिज्ञा केली, त्यानें ऐकण्यापूर्वींच दुसऱ्याच्या तोंडीं आपलें वाक्य घालूं नये.

शिवाय खरी गोष्ट या कल्पनेहून कितीतरी अद्भुत आहे. रॉजर पेन व स्कॉट मॅक्व्हे यांनीं १९७१ मध्यें दाखवून दिलें कीं, हंपबॅकचा आवाज हा नुसता हंबरडा नव्हे. त्यांत स्वरखंड आहेत, स्वरखंडांचीं वाक्यें आहेत, वाक्यांच्या आवृत्तींतून विषय सिद्ध होतात, आणि ते विषय ठराविक क्रमानें येतात. एक गाणें बहुधा दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतें. एका समुद्रप्रदेशांतील सारे नर एका काळीं जवळजवळ एकच गाणें गातात. तें हळूहळू बदलत जातें, आणि त्या बदलाबरोबर सारेच बदलतात. ज्यास विलंबित ख्यालाची गोडी आहे, त्यास या बांधणीचें मर्म सांगावें लागणार नाहीं. पण ध्वनिमुद्रिकेवरील रचना चार-पांच मिनिटांची. एवढ्या अवकाशांत त्या गाण्याचा एखादा तुकडा येतो, आणि ऐकणारा 'अहाहा' म्हणून पुढें जातो. बडा ख्याल कापून त्यांतील एकच तान पुन्हां पुन्हां ऐकवावी, तसा हा प्रकार. गवयाचा आवाज आहे. त्याचें गाणें नाहीं.

आणखी एक अडचण आहे, आणि तिला उत्तर नाहीं. साथीदार चुकला तर गवई त्याच्याकडे नुसतें पाहतो, आणि तें पुरतें. फितीवरील लांडगा पाहूं शकत नाहीं. सॅक्सोफोन त्याच्यावर केव्हां आला, किती आला, त्यास तें रुचलें कीं नाहीं, हें सांगावयास तो तेथें नाहींच. म्हणून या संगीतांत संयम हा अलंकार नसून धर्म ठरतो. समोरचा रोखूं शकत नाहीं, तेथें आपणच थांबावयास हवें. विंटर जेथें थांबतो तेथें तो मोठा वाटतो. जेथें थांबत नाहीं तेथें तो केवळ मधुर वाटतो.

आणि तरीही या आवाजांनीं घडविलेलें कार्य विसरणें हा कृतघ्नपणा होईल. पेन यानें १९७० मध्यें देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तोंवर देवमासा म्हणजे तेल आणि मांस, एवढीच बहुतेकांची कल्पना होती. तीं गाणीं घराघरांत ऐकिलीं गेलीं, आणि १९७७ मध्यें अंतराळांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांच्या तबकडीवरही पृथ्वीचा निरोप म्हणून त्यांस जागा मिळाली. १९८२ मध्यें आंतरराष्ट्रीय आयोगानें व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व तो १९८६ पासून अमलांत आला. याचें श्रेय एकट्या संगीतास देणें भाबडेपणाचें होईल. परंतु ज्याचें गाणें आपण ऐकिलें, त्यास मारणें मनुष्यास जड जातें, एवढें खरें.

शेवटीं आमच्याविषयीं. उत्तर अमेरिकेंतील लांडग्याची हांक आम्हीं पुण्यांत, खुर्चीवर बसून, यंत्रांतून ऐकली. त्याच पुणें जिल्ह्यांत, सासवड-बारामतीच्या माळरानांवर, धनगरांच्या मेंढरांच्या आसपास आजही लांडगा राहतो. माळ नांगरले जातात, त्यांवर घरें उठतात, आणि त्याची जागा वर्षानुवर्षें आटत चालली आहे. त्याची हांक धनगरांच्या पोरांना ओळखीची आहे. पन्नाशी उलटलेल्या, स्वतःस संगीताचा मर्मज्ञ समजणाऱ्या आम्हांस ती ठाऊक नाहीं. मोराचा षड्ज पाठ करून मोर न ऐकणाऱ्या त्या मुलाचें वय वाढलें, कान मात्र तेवढेच राहिले. विंटरच्या रचनांत दोष आहेत, आणि ते आम्हीं दाखविले. परंतु टीकाकारास त्याच्या घराच्या दारापर्यंत आणून, 'बाहेर जाऊन ऐक,' असें जें संगीत म्हणतें, त्याचें ऋण टीकेनें फिटत नाहीं. तें फेडावयाचें तर एका रात्रीं माळावर जाऊन गप्प बसलें पाहिजे.