निवेदनाची बोली आणि सामावण्याची दिशा

स्थलांतरितांच्या साहित्याची समीक्षा बहुधा ‘यजमान संस्कृतीत ते कितपत सामावले’ या प्रश्नापाशीच थांबते. सॅम सेल्वन यांची ‘द लोन्ली लंडनर्स’ (१९५६) ही कादंबरी या प्रश्नाची दिशाच पालटते. तिच्यात कॅरिबियन बोली संवादांपुरती मर्यादित नाही. निवेदकही तीच बोलतो. परिणामी पात्रांना वरून न्याहाळणारा प्रमाणभाषेचा आवाज उरत नाही. बेजवॉटरला ही माणसे नुसते ‘वॉटर’ म्हणतात. वृद्ध टँटी दुकानदाराला उधारी द्यायला लावते. यजमानही बदलतो तो असा. तथापि भाड्याची खोली आणि नोकरी यांच्या दाराशी उभा असलेला वर्णभेद बोलीने हटत नाही. शहर भाषेत आपलेसे होते, व्यवहारात परके राहते. कादंबरीतील एकाकीपणाचे मूळ केवळ मायदेशाच्या ओढीत नसून या विसंगतीत आहे.