पाहुण्यांना बोलावले कोणी?

संशोधक मुलगा, त्याचा यांत्रिक कुत्रा आणि पृथ्वीवर चालून आलेले परग्रहवासी एवढे साहित्य जमले की मुलांचा कार्टूनपट तयार होतो. 'जिमी न्यूट्रॉन : बॉय जीनियस' हा २००१ सालचा अमेरिकी चित्रपट वरवर पाहता याच साच्यातला. जॉन डेव्हिस यांनी १९९५ मध्ये संगणकावर केलेल्या 'जॉनी क्वेझार' या मिनिटभराहूनही छोट्या नमुन्यातून तो वाढला. तो शाळेत दाखवावा का? जरूर दाखवावा, मात्र नेहमीच्या कारणासाठी नव्हे.

नेहमीचे कारण म्हणजे 'विज्ञानातील चुका शोधा'. त्या भरपूर सापडतात. करमणूक-बागेतल्या पाळण्यांची याने करून मुले उघड्यावरच अवकाशात निघतात आणि कोणाचाही श्वास कोंडत नाही. शेवटी जिमी ग्रहाएवढा मोठा होतो. हे जादा वस्तुमान आले कोठून? त्याचा संदेश मिळताच परग्रहवासी हजर होतात. याउलट १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून पाठवलेल्या संदेशाला एम-१३ या तारकागुच्छापर्यंत पोचायला सुमारे २५,००० वर्षे लागतील, आणि उत्तर यायला आणखी तितकीच! नववीच्या वर्गात हा तास रंगेल. पण तेवढ्यावरच थांबलो तर चित्रपटाचा गाभा निसटतो.

इथले परग्रहवासी आपणहून आलेले नाहीत. जिमी टोस्टरपासून उपग्रह बनवतो आणि स्वतःची, घरादाराची माहिती अवकाशात धाडून देतो. ती मिळाल्यामुळेच ते येतात आणि गावातल्या सगळ्या आईवडिलांना पळवून नेतात. अनोळखी लोकांशी बोलू नये, असे घरच्यांनी बजावलेले असते. तो नियम आपल्या प्रयोगालाही लागू आहे, हे जिमीला पटत नाही. संकटाचे मूळ असे संशोधकाच्याच हातात ठेवणे, हे या चित्रपटाचे मोठे बळ आहे.

दुर्दैवाने हा धागा पुढे सैल पडतो. सुरुवातीला जिमीची यंत्रे फसतात, पण ती हसवण्यापुरती. संकट आल्यावर मात्र नवे यंत्र जुन्या यंत्राची चूक झटपट निस्तरते. आधी तपासून पाहणे, वाट पाहणे, दुष्परिणामांचा विचार करणे यांना कथेत जागाच नाही.

बारामती-इंदापूरच्या मुलांना ही उणीव दाखवायला परग्रहाची गरज नाही. भिगवण, पळसदेवच्या बाजूला उजनीच्या जलाशयात मिळणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली. तिची एक जात १९५२ मध्ये भारतात मुद्दाम आणली गेली. हेतू चांगला होता, स्वस्त मासा मिळावा हा. ती झपाट्याने वाढते आणि देशी माशांची जागा व्यापते. तरीही आज अनेक मच्छीमारांची चूल तिच्यावर पेटते. मग तिला शत्रू म्हणायचे की पाहुणी? चित्रपटातल्या हिरव्या राजाइतके हे उत्तर सोपे नाही.

दुसरे उदाहरण गाजर गवताचे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेत आले; आयात गव्हाबरोबर आले असे सामान्यतः मानले जाते. त्याच्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक भुंगेरा आणला. तो इतर पिके खात नाही ना, याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ मध्ये बंगळूरला तो शेतात सोडला गेला. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर आढळला आणि वाद झाला. पुन्हा तपासणी करावी लागली. परक्यावर दुसरा परका सोडताना किती जपावे लागते, ते यातून दिसते. जिमीला नेमके हेच ठाऊक नाही.

म्हणून चित्रपट संपल्यावर वर्गात तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी आणले? कशासाठी आणले? आणण्यापूर्वी काय तपासायला हवे होते? नंतर शाळेजवळ किंवा कालव्याकाठी एक मीटर लांब-रुंद चौकटीत गाजर गवताची रोपे किती आणि इतर किती, हे मुलांना मोजू द्यावे. मात्र त्या गवताने त्वचेला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढू शकतो. तेव्हा लांबूनच मोजावे, उपटू नये. परके आपल्यात कसे येतात, याचा पडद्यावर अर्धाच राहिलेला धडा तिथे पुरा होईल.